रिव्हरवर बेट की चेक? नाशिकच्या आमच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या एका घरी शनिवारी संध्याकाळी आम्ही टेक्सस होल्डेम खेळतो. पैसे लावत नाही, चिप्सचा हिशेब वहीत राहतो. नवीन येणारी बहुतेक मंडळी दिवाळीतल्या तीन पत्तीवर आणि सुट्टीतल्या रमीवर वाढलेली असतात. पत्त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, पण पोकरची शेवटची फेरी आली की हात थबकतो. सातपूर-अंबडकडून, इंदिरानगरहून, नाशिकरोडहून जे प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतात ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

वेगळं काही सांगितलं नसेल तिथे असं धरा: नो-लिमिट खेळ आहे (बेटवर मर्यादा नाही), दोघेच उरले आहेत आणि पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० चिप्स आहेत. बेट म्हणजे चिप्स लावणं, चेक म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणं, कॉल म्हणजे समोरच्याच्या बेटएवढ्या चिप्स टाकणं, रेझ म्हणजे ती बेट वाढवणं आणि फोल्ड म्हणजे पानं टाकून देणं.

१. रिव्हर म्हणजे काय? तिथला निर्णय आधीच्या फेऱ्यांपेक्षा वेगळा का असतो?

प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात. टेबलावर आधी तीन उघडतात, तो फ्लॉप. चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर. रिव्हर उघडल्यावर बेटिंगची शेवटची फेरी होते आणि मग पानं दाखवायची.

फ्लॉप-टर्नवर बेट करायला बरीच कारणं असतात. समोरचा फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) वाट बघत असेल तर त्याला पुढचं पान फुकट मिळू नये, हे एक. आपला स्वतःचा स्ट्रेट (क्रमाने पाच पानं) अजून लागू शकतो, हे दुसरं. रिव्हरला ही सगळी कारणं संपतात, कारण पुढे पानच येणार नाही. कुणाचा हात मोठा हे ठरून गेलेलं असतं, फक्त ते दोघांनाही दिसत नसतं. त्यामुळे 'आपला हात सांभाळण्यासाठी बेट केली' या उत्तराला रिव्हरवर काही अर्थ उरत नाही.

२. मग बेट नेमकी कधी करायची?

चिप्सला हात लावण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्यापेक्षा कमजोर असे कोणते हात कॉल करतील? माझ्यापेक्षा मोठे असे कोणते हात फोल्ड करतील? दोन्ही वेळा हातांची नावं घ्यायची. 'काहीतरी असेल' हे उत्तर चालत नाही.

पहिल्या प्रश्नाला पुरेशी नावं मिळाली तर ती व्हॅल्यू बेट. दुसऱ्याला मिळाली तर ब्लफ. दोन्हीकडे नावं सुचत नसतील तर चेक. या पानावरचं बाकी सगळं या दोन प्रश्नांचीच फोड आहे.

३. पैसे लावून खेळलं तर चालतं का?

आमचं उत्तर नाही असंच आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतो असं धरून चालू नका. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ ठरवलं होतं. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने तर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. चिप्सचा हिशेब महिनोन्महिने नीट ठेवला की पैशाशिवायही लोक विचार करून खेळतात, हे आमच्या टेबलावर दिसतं.

४. माझ्याकडे बऱ्यापैकी जोडी आहे. बेट का नको?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चिप्स इथेच जातात.

समजा टेबलावर राजा, नव्वी, पंजी, दुर्री, सत्ती आहे आणि फ्लश कुणाचाच होत नाही. तुमच्या हातात एक्का-नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. समोरच्याने चेक केलं, आता तुमची पाळी. बेट केलीत तर कमजोर कोण कॉल करेल? राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, कदाचित एखादा हट्टी अठ्ठ्यांची जोडी घेऊन. मोठं कोण फोल्ड करेल? राजा लागलेला माणूस एका बेटवर पानं टाकत नाही. म्हणजे बेट केल्यावर हरणारे बहुतेक निघून जातात आणि जिंकणारे बहुतेक थांबतात. तीच पानं चेक करून दाखवली तर नव्व्यांची जोडी कितीतरी वेळा पॉट उचलते.

असे मधले हात दाखवून जिंकण्यासाठी असतात. हात चांगला आहे म्हणून बेट करायची नाही. त्याहून वाईट हात कॉल करतील, म्हणून करायची.

५. तीन पत्तीत चाल देत राहिलं की समोरचा पॅक करतो. पोकरमध्ये तसं का होत नाही?

कारण दोन्हीकडे 'शो'ची किंमत वेगळी आहे. तीन पत्तीत शेवटची फेरी अशी ठरलेली नसते. दोघे उरले की कुणीतरी चिप्स टाकून शो मागतो, आणि प्रचलित नियमानुसार पानं सारखी निघाली तर शो मागणारा हरतो. तिथे थांबायलाही पैसे पडतात, त्यामुळे चाल देत राहायची सवय लागते.

पोकरच्या रिव्हरवर दोघांनी चेक केलं की पानं फुकट उघडतात. बरोबरी झाली तर पॉट वाटून घेतात. ही फुकटची सोय तीन पत्तीवाल्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. आमच्याकडे नवीन आलेल्याला मी पहिल्या बैठकीत हेच सांगतो: चेक म्हणजे माघार नव्हे.

६. समोरचा कोणत्या हातांनी कॉल करेल हे मोजायचं कसं?

प्रश्न ४ मधलीच पानं ठेवू. आता तुमच्या हातात राजा-गुलाम आहे, समोरच्याने चेक केलं आहे आणि तुम्ही ५० ची बेट करायचा विचार करताय.

राजे चार. एक टेबलावर, एक तुमच्याकडे, उरले दोन. राण्या चारही बाहेर आहेत. म्हणजे समोरच्याकडे राजा-राणी असण्याचे २ × ४ = ८ प्रकार. नव्व्या तीन उरल्या, म्हणून राजा-नव्वीचे ६. एक्का-राजा त्याने फ्लॉपच्या आधीच रेझ केला असता, आणि सेट (एकाच किमतीची तीन पानं), स्ट्रेट किंवा तुम्हाला हरवणारा दुसरा कुठलाही हात असता तर रिव्हरवर स्वतःच बेट केली असती, असं धरू. तुम्हाला हरवणारे प्रकार झाले १४.

आता हरणारे. राजा-दश्शीचे ८, हे कॉल करतील. एक्का-नव्वी १२ आणि राणी-नव्वी १२, यातले निम्मे कॉल करतील असं मानू, म्हणजे १२. एकूण २०. कॉल येईल अशा ३४ प्रकारांपैकी २० मध्ये तुम्ही जिंकता, साधारण ५९ टक्के. शेवटी बोलणाऱ्यासाठी (ज्याची पाळी शेवटची त्याच्यासाठी) कसोटी ही की कॉल आल्यावर निम्म्याहून जास्त वेळा जिंकलं पाहिजे. बेट योग्य.

पण समोरची व्यक्ती नव्वीवर कधीच कॉल न करणारी असेल, तर गणित १४ विरुद्ध ८ होतं आणि तीच बेट तोट्यात जाते. पानं तीच, पॉट तोच, माणूस बदलला की उत्तर बदललं. म्हणून आपली पानं बघून झाल्यावर नजर समोरच्याकडे हवी. आधीच्या तासाभरात त्याने कोणती पानं दाखवून कॉल केले, ते आठवा.

टेबलावर बसून एवढी बेरीज रोज कुणी करत नाही. घरी आठवड्यातून दोन हात कागदावर मोजले की अंदाज आपोआप सुधारतो.

७. व्हॅल्यू बेट किती मोठी असावी?

बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला द्राक्षांचा भाव सांगताना जो विचार होतो तोच इथे करायचा: समोरचा जास्तीत जास्त कितीला 'हो' म्हणेल?

समजा तुमचा हात जवळजवळ नक्की मोठा आहे. ३० च्या बेटला १० पैकी ६ वेळा कॉल येत असेल तर सरासरी १८ चिप्स मिळतात. ८० च्या बेटला १० पैकी २ वेळाच कॉल आला तर १६. पण ३ वेळा आला तर २४. नवशिक्यांची बेट सहसा गरजेपेक्षा लहान असते, कारण 'तो पळून जाईल' ही भीती. पळून जाऊ द्या, दहातून तीनदा थांबला तरी पुरतं.

हात जेमतेम मोठा असेल, प्रश्न ६ मधल्या राजा-गुलामसारखा, तर मात्र बेट आटोपशीर ठेवा. फार मोठी केलीत की राजा-दश्शी निघून जाते आणि राजा-राणीच उरते.

८. ब्लफ किती वेळा चालला पाहिजे म्हणजे फायदा होतो?

बेटला बेट अधिक पॉटने भागा. १०० च्या पॉटमध्ये ५० ची बेट असेल तर ५० भागिले १५०, म्हणजे ३३ टक्के. समोरचा तीनातून एकदापेक्षा जास्त फोल्ड करत असेल तर फायदा. १०० ची बेट असेल तर ५० टक्के, १५० ची असेल तर ६०.

एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. हा हिशेब अगदी पडलेल्या हातासाठी आहे, जो दाखवून कधीच जिंकणार नाही. तुमचा हात चेक करून १०० पैकी २० वेळा जिंकत असेल तर चेकची किंमत २० चिप्स झाली, आणि ५० च्या ब्लफने तेवढं तरी भरून काढायला हवं. मग समोरच्याने ३३ नव्हे, साधारण ४७ टक्के वेळा फोल्ड केलं पाहिजे. म्हणून ब्लफ करायचाच तर तळातल्या हातांनी करा.

९. माझा फ्लश लागला नाही. हात पडला आहे तर ब्लफ करणं बरोबरच ना?

नेहमी नाही. तुमच्या हातातली पानं समोरच्याकडे असू शकत नाहीत, आणि इथे याचा परिणाम उलटसुलट होतो.

टेबलावर दोन बदाम होते, तुमच्याकडे दोन बदाम होते, तिसरा आलाच नाही. रिव्हरवर जे हात सहज फोल्ड करतात त्यात समोरच्याचा न लागलेला बदामचा फ्लश येतो. पण दोन बदाम तुमच्याच हातात असल्याने तसे हात त्याच्याकडे असण्याची शक्यता घटते. म्हणजे फोल्ड करणारेच कमी झाले. अशा वेळी बदाम नसलेला, न लागलेला स्ट्रेट ब्लफसाठी बरा.

याउलट टेबलावर एकाच रंगाची तीन पानं असतील आणि त्या रंगाचा एक्का किंवा राजा एकटाच तुमच्या हातात असेल, तर समोरच्याचे मोठे फ्लश कमी होतात आणि ब्लफला बळ येतं. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत शेवटच्या दोघांमध्ये हेच दिसलं. टेबलावर इस्पिकची नव्वी, छक्की आणि अठ्ठी होती. ख्रिस मनीमेकरकडे इस्पिकचा राजा होता, पण ना फ्लश लागला ना स्ट्रेट. रिव्हरवर त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. सॅमी फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, तो बराच वेळ विचार करत बसला आणि त्याने फोल्ड केलं. पुढे स्पर्धा मनीमेकरने जिंकली. लोक त्याचं धाडस आठवतात. मला त्या इस्पिकच्या राजाचं महत्त्व जास्त वाटतं.

१०. आमच्या टेबलावर कुणी फोल्डच करत नाही. तिथे काय करायचं?

ब्लफ बंद, व्हॅल्यू बेट जास्त. घरगुती टेबलावर 'बघू तरी काय आहे' म्हणून कॉल करणारे खूप असतात, आणि पैसे नसतील तर आणखी. अशांसमोर प्रश्न ८ चं गणित बाजूला ठेवा, कारण ३३ टक्केही फोल्ड मिळत नाहीत. पण प्रश्न ४ मध्ये जिथे चेक सांगितलं तिथे अशा माणसासमोर लहान बेट योग्य ठरू शकते: तो सत्तीच्या जोडीवरही कॉल करणार असेल तर तुमची एक्का-नव्वी व्हॅल्यूचा हात झाली. 'हा कसा काय कॉल करतो' म्हणून चिडून त्याच्यावर पुन्हा ब्लफ टाकू नका.

११. मला आधी बोलायचं असेल तर नियम बदलतो का?

हो, आणि हा भाग शांतपणे वाचा. शेवटी बोलणाऱ्याने चेक केलं की विषय संपतो. आधी बोलणाऱ्याने चेक केलं तर समोरचा बेट करू शकतो, आणि मग तुम्हाला कठीण निर्णय घ्यावा लागतो.

एक उदाहरण मांडतो. समोरच्याचे १०० हात धरा. ४० तुमच्यापेक्षा मोठे. ३२ लहान, पण ५० च्या बेटला कॉल करणारे. २८ पूर्ण पडलेले. तुम्ही चेक केलंत तर मोठे ४० बेट करतील, ते ३२ चेक करतील, आणि पडलेल्यांपैकी २० ब्लफ करतील. सगळ्या बेट ५० च्याच.

तुम्ही स्वतः ५० ची बेट केलीत आणि रेझ आली तर फोल्ड केलंत, तर दर हाताला सरासरी ५६ चिप्स मिळतात. चेक करून समोरच्याची बेट कॉल केलीत तर ५०. चेक करून फोल्ड केलंत तर ४०. बेट सगळ्यात चांगली. आणि गंमत पाहा, कॉल करणाऱ्या ७२ हातांपैकी तुम्ही फक्त ३२ मध्ये जिंकता, म्हणजे ४४ टक्के. प्रश्न ६ मधली निम्म्याची कसोटी इथे लागू होत नाही, कारण तुलना फुकटच्या शोशी नसून चेकनंतर येणाऱ्या बेटशी आहे.

यातूनच 'ब्लॉक बेट' आली. मधला हात घेऊन आधी बोलायचं असेल तेव्हा पॉटच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाची लहान बेट करून आपला भाव आपणच ठरवायचा. मात्र समोरचा कधीच ब्लफ करत नसेल तर हे सगळं नको. चेक करा, आणि त्याने बेट केली की पानं टाका.

१२. माझ्या बेटवर रिव्हरला रेझ आली. आता?

घरगुती टेबलावर रिव्हरची रेझ बहुतेक वेळा खरी असते. हातात एकच जोडी असेल तर फोल्ड करा. बेट करण्याआधीच 'रेझ आली तर काय' हे ठरवून ठेवा म्हणजे त्या क्षणी ओढाताण होत नाही.

१३. बेट समोरच्याने केली असेल तर कॉलचं गणित काय?

१०० च्या पॉटमध्ये त्याने ५० टाकले. तुम्ही ५० देऊन १५० साठी खेळता, म्हणजे चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी. १०० टाकले तर तीनातून एकदा. त्याच्या आतापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या आठवून विचारा: तो इथे ब्लफ करेल असे हात त्याच्याकडे उरले आहेत का? न लागलेला कोणताच फ्लश किंवा स्ट्रेट शक्य नसेल तर उत्तर सहसा नाही.

१४. माझ्याकडे सगळ्यात मोठा हात आहे. चेक करून सापळा लावू का?

आधी बोलणार असाल आणि समोरचा वारंवार बेट करणारा असेल तरच. तो गप्प माणूस असेल तर दोघेही चेक करतील आणि सगळ्यात मोठ्या हातावर शून्य मिळेल. शेवटी बोलणार असाल तर चेकचा प्रश्नच येत नाही. कुणीही हरवू शकत नाही असा हात शेवटच्या जागेवरून चेक करणं पुष्कळ स्पर्धांमध्ये मित्राला वाचवण्याचा प्रकार मानलं जातं आणि त्यासाठी शिक्षा होऊ शकते.

१५. तिघे उरले असतील तर?

ब्लफ जवळपास सोडा. प्रत्येक जण ६० टक्के वेळा फोल्ड करत असेल तरी दोघे एकदम फोल्ड करण्याची शक्यता ३६ टक्केच. व्हॅल्यू बेटलाही एरवीपेक्षा मोठा हात हवा.

१६. टेबलावरच दश्शी ते एक्का असा स्ट्रेट आहे. आता बेटला काय अर्थ?

आहे. टेबलावर एका रंगाची तीन पानं नसतील तर या स्ट्रेटला कुणीच हरवू शकत नाही, म्हणजे पॉट वाटला जाणार. बेट केल्याने तुमचं काही जात नाही, आणि समोरचा गोंधळून फोल्ड झाला तर पूर्ण पॉट तुमचा. तसंच, अशा वेळी समोरून कितीही मोठी बेट आली तरी फोल्ड करू नका. जिथे प्रत्येक पॉटमधून आयोजक कपात घेतो तिथे मात्र बेट वाढवली की कपातही वाढू शकते.

एका रंगाची तीन पानं असतील तर चित्र वेगळं. मग फ्लश शक्य आहे, आणि मोठ्या बेटला कॉल करताना प्रश्न १३ कडे परत जा.

१७. आधी पानं कोणी दाखवायची? आणि चिप्स टाकताना काय पाळायचं?

रिव्हरवर ज्याने शेवटची बेट किंवा रेझ केली त्याने आधी दाखवायची. सगळ्यांनी चेक केलं असेल तर त्या फेरीत ज्याची पहिली पाळी होती त्याने.

आपल्या पाळीला तोंडाने जे बोललात ते बंधनकारक. चिप्स एकदाच पुढे करायच्या, थोड्या ठेवून चेहरा बघून आणखी घालायच्या नाहीत. न बोलता एकच मोठी चिप ठेवली तर, समोर बेट नसताना ती पूर्ण किमतीची बेट ठरते, आणि समोर बेट असताना फक्त कॉल. रेझ करायची असेल तर आधी 'रेझ' म्हणा.

१८. स्पर्धेत बक्षिसाच्या जवळ आल्यावर हेच सगळं लागू होतं का?

तसंच्या तसं नाही. साध्या खेळात ५० चिप्स जिंकणं आणि ५० हरणं सारखंच. स्पर्धेत बाहेर पडलात की खेळ संपला, म्हणून हरलेली चिप जिंकलेल्या चिपपेक्षा महाग पडते. प्रश्न ६ मध्ये ५९ टक्क्यांवर केलेल्या बेटऐवजी, हरल्यास तुमच्याकडे जवळजवळ काहीच उरणार नसेल, तर बक्षिसाच्या उंबरठ्यावर चेक करणं शहाणपणाचं. समोरच्याकडे तुमच्यापेक्षा कमी चिप्स असतील तर ही अडचण त्याची. तो एरवीपेक्षा जास्त फोल्ड करेल, आणि प्रश्न ८ मधला ब्लफ अशा वेळी जास्त चालतो. त्याच्याकडे चिप्स अगदीच थोड्या उरल्या असतील तर मात्र तो काहीही घेऊन कॉल करतो, तेव्हा ब्लफ नको.